पॅकमनमधल्या ऐच्छिक डिपेन्डन्सी: टाकायच्या कशा आणि नंतर काढायच्या कशा?

काळी_खिडकी (प्रश्न)

आर्च लिनक्सवर थुनार हा फाइल मॅनेजर टाकला की पॅकमन (आर्चचं पॅकेज टाकण्या-काढण्याचं साधन) शेवटी ऐच्छिक डिपेन्डन्सींची, म्हणजे नसली तरी चालतील अशा जोड-पॅकेजांची यादी दाखवतो. कचरापेटी आणि माउंटिंगसाठी जीव्हीएफएस, थंबनेलसाठी टंबलर, पेनड्राइव्हसाठी थुनार-व्होलमन, अशी. पण त्यातलं काहीच तो स्वतः टाकत नाही, विचारतही नाही. मग ती पॅकेजं हाताने टाकावी लागतात आणि तिथून गोंधळ सुरू होतो.

थुनार काढून टाकला तरी टंबलर, व्होलमन तसेच मागे राहतात आणि अनाथ (कोणालाच न लागणाऱ्या) पॅकेजांच्या यादीतही येत नाहीत. उलट, अनाथ पॅकेजं साफ करणाऱ्या कमांडचे इंटरनेटवर दोन प्रकार सापडतात, एकात (-क्यूटीडी) एक टी आणि दुसऱ्यात (-क्यूटीटीडी) दोन. दोन टीवाली चालवली की वापरात असलेलं जीव्हीएफएसच उडतं आणि थुनारमधून कचरापेटी गायब होते.

तर ऐच्छिक पॅकेज टाकायची बरोबर पद्धत कोणती? एक टी आणि दोन टी यात नेमका फरक काय? आणि ऐच्छिक पॅकेजं आपोआप टाकायला सांगणारं सेटिंग पॅकमनच्या कॉन्फिग फाइलमध्ये आहे का?

---

अवलंबी

कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो. टाइप करताना एवढं लक्षात ठेवा: एका डॅशनंतरचं पहिलं अक्षर, म्हणजे मुख्य क्रिया, नेहमी मोठ्या लिपीत. त्याच्यापुढची सगळी अक्षरं छोटी. दोन डॅशवाले पर्याय पूर्ण छोट्या लिपीत.

तुमच्या पहिल्या दोन्ही अडचणींचं मूळ एकच आहे. पॅकमन प्रत्येक पॅकेजपुढे ते का आलं याची नोंद ठेवतो. नोंदी दोनच प्रकारच्या: तुम्ही नाव घेऊन मागवलं म्हणून आलं, किंवा दुसऱ्या पॅकेजला लागतं म्हणून आलं. नुसतं "पॅकमन -एस टंबलर" म्हटलं की पहिली नोंद पडते. मग थुनार राहो वा जावो, पॅकमनच्या लेखी टंबलर तुम्हाला स्वतंत्रपणे हवं आहे. त्याला तो अनाथ का म्हणेल? ऐच्छिक पॅकेज टाकताना ही नोंद बदलून घ्यायची:

पॅकमन -एस --अ‍ॅजडेप्स टंबलर जीव्हीएफएस थुनार-व्होलमन

आधीच टाकून झालं असेल तर पुन्हा डाउनलोड नको, फक्त डेटाबेसमधली नोंद बदला:

पॅकमन -डी --अ‍ॅजडेप्स टंबलर

उलट दिशेला "पॅकमन -डी --अ‍ॅजएक्स्प्लिसिट" आणि पॅकेजचं नाव. सध्याची नोंद काय आहे ते "पॅकमन -क्यूआय टंबलर" मध्ये "इन्स्टॉल रीझन" या ओळीत दिसतं. त्याच ठिकाणी "रिक्वायर्ड बाय" आणि "ऑप्शनल फॉर" या दोन ओळी असतात. पहिलीत ज्यांना ते अनिवार्य आहे ती पॅकेजं, दुसरीत ज्यांना ते ऐच्छिक आहे ती. काहीही काढण्याआधी या दोन ओळी वाचायची सवय लावाच, निम्मे अपघात तिथेच टळतात.

एक खबरदारी. --अ‍ॅजडेप्स हा पर्याय त्या कमांडमध्ये नाव घेतलेल्या प्रत्येक पॅकेजला लागतो. म्हणून थुनार आणि टंबलर एकाच ओळीत त्या पर्यायासह टाकू नका, नाहीतर खुद्द थुनारच "कोणाला तरी लागतं म्हणून आलेलं" ठरेल आणि पुढच्या सफाईत जाईल. आधी थुनार साध्या कमांडने, मग ऐच्छिक पॅकेजं वेगळ्या कमांडने. पूर्ण अपग्रेडच्या कमांडला तर हा पर्याय जोडूच नका.

आता टीचा प्रश्न.

"पॅकमन -क्यूटीडी" विचारतं: डिपेन्डन्सी म्हणून आलेली, पण आता कोणालाही अनिवार्य नाहीत आणि ऐच्छिकही नाहीत, अशी पॅकेजं कोणती? "पॅकमन -क्यूटीटीडी" मधली दुसरी टी ऐच्छिक नात्याकडे दुर्लक्ष करायला सांगते. मग थुनारने फक्त ऐच्छिक म्हणून धरून ठेवलेलं जीव्हीएफएससुद्धा त्या यादीत येतं. ती यादी जशीच्या तशी "पॅकमन -आरएनएस" या काढायच्या कमांडला दिली की कचरापेटी जाणारच. कमांड बरोबर आहे, तिचा उपयोग वेगळा आहे. दोन टीची यादी बघण्यासाठी, एक टीची यादी काढण्यासाठी.

काढतानाचा क्रमही सांगतो, कारण इथे बरेच जण चकतात. "पॅकमन -आरएस थुनार" केल्यावर फक्त थुनारच्या अनिवार्य डिपेन्डन्सी त्याच्यासोबत जातात, ऐच्छिक जात नाहीत. त्यानंतर "पॅकमन -क्यूटीडी" चालवा. टंबलर दुसऱ्या कोणाला ऐच्छिक नसेल तर ते तिथे दिसेल. जीव्हीएफएस दुसऱ्या एखाद्या पॅकेजला ऐच्छिक असेल तर दिसणार नाही, आणि तेच योग्य आहे. यादी डोळ्यांखालून घालून -आरएनएसने काढा, मग -क्यूटीडी पुन्हा एकदा चालवा. काढलेल्या पॅकेजांची स्वतःची ऐच्छिक पॅकेजं आता मोकळी झालेली असतात. यादी रिकामी येईपर्यंत हे करायचं, सहसा दोन फेऱ्यांत संपतं.

दुसरा धोका: -आरएस एखादं अनिवार्य पॅकेज काढताना ते तिसऱ्याच कोणाला ऐच्छिक आहे का याची पर्वा करत नाही. फक्त "अमुक ऑप्शनली रिक्वायर्स तमुक" अशी ओळ छापतो. "होय" म्हणण्याआधी ती ओळ वाचा. ठेवायचं असेल तर "नाही" म्हणून बाहेर पडा, ते पॅकेज --अ‍ॅजएक्स्प्लिसिट करा आणि पुन्हा काढा.

---

बांधणीवाला

सेटिंगबद्दल: नाही, पॅकमनच्या कॉन्फिगमध्ये असं सेटिंग नाही. ते नसावं असंच माझं मत आहे.

ऐच्छिक यादीत एकमेकांना पर्याय असलेल्या गोष्टी शेजारी बसलेल्या असतात. गिटची यादी बघा. त्यात टीके आहे, फक्त गिटके आणि गिट-गुई या खिडक्यांसाठी. ईमेलने पॅच पाठवणाऱ्यांसाठी पर्लची काही मॉड्यूल आहेत. आणि "ऑर्ग.फ्रीडेस्कटॉप.सीक्रेट्स" असं नाव आहे, जे मुळात पॅकेजच नाही. ते एका सेवेचं नाव आहे. नोम-कीरिंग ती पुरवतं, कीपासएक्ससीही पुरवतं. आपोआप टाकायचं तर यांतलं कुठलं? शिवाय ऐच्छिक पॅकेजांच्याही ऐच्छिक डिपेन्डन्सी असतात, त्यांच्याही असतात. सगळं ओढायला लागलं तर एका फाइल मॅनेजरमागे अर्धी रिपॉझिटरी येईल. ही साखळी किती लांब जाते ते बघायचं असेल तर पॅकमन-कॉन्ट्रिब टाका आणि "पॅकट्री --सिंक --ऑप्शनल=-१ थुनार" चालवा.

ठरावीक संच दर वेळी एकत्र हवा असेल तर स्वतःचं मेटापॅकेज (स्वतःत काही नसलेलं, फक्त इतर पॅकेजं मागणारं पॅकेज) बनवा. दहा मिनिटांचं काम आहे. बेस-डेव्हल (पॅकेज बांधायची साधनं) हवं. एका रिकाम्या फोल्डरमध्ये पीकेजीबिल्ड (पॅकेज कसं बांधायचं ते सांगणारी) फाइल, तिच्यात पाच ओळी: पॅकेजनाव (समजा थुनार-संच, तुमच्या फाइलमध्ये रोमन लिपीत), व्हर्शन १, रिलीज १, आर्किटेक्चर "एनी", आणि डिपेन्ड्सच्या यादीत थुनार, जीव्हीएफएस, टंबलर, थुनार-व्होलमन. मग त्याच फोल्डरमध्ये "मेकपीकेजी -एसआय". इथे मात्र एस आणि आय दोन्ही छोटे, मेकपीकेजीचा नियम पॅकमनसारखा नाही. एस डिपेन्डन्सी आणतो, आय बनलेलं पॅकेज टाकतो.

यातले घटक आधीच हाताने टाकलेले असतील तर एकदा "पॅकमन -डी --अ‍ॅजडेप्स" करून घ्या, नाहीतर मेटापॅकेज काढल्यावर ते पुन्हा मागे राहतील. पुढे यादी बदलली तर रिलीजचा आकडा एकने वाढवून परत बांधा. नको झालं की "पॅकमन -आरएस" आणि मेटापॅकेजचं नाव. आता सगळे अनिवार्य नात्यात असल्यामुळे पूर्ण संच एका झटक्यात जातो. दोन टीवाली कमांडही आता या संचाला हात लावू शकत नाही. हे पॅकेज "पॅकमन -क्यूएम" च्या यादीत, म्हणजे रिपॉझिटरीबाहेरच्यांत दिसेल. ते अपेक्षितच आहे.

---

काळी_खिडकी

नोंदीचा मुद्दा समजला. पण मशीन जुनं असेल आणि शेकडो पॅकेजांपुढे चुकीची "नाव घेऊन मागवलं" नोंद आधीच पडलेली असेल तर त्यातली खरी ऐच्छिक कोणती हे एकेक -क्यूआय न करता कसं शोधायचं?

---

अवलंबी

त्या दोन टीचा खरा उपयोग इथेच आहे.

"पॅकमन -क्यूईटीक्यू" अशी पॅकेजं देतं, जी तुम्ही मागवली आहेत आणि कोणालाही अनिवार्य किंवा ऐच्छिक नाहीत. "पॅकमन -क्यूईटीटीक्यू" मध्ये त्यांच्यासोबत फक्त ऐच्छिक नात्याने जोडलेलीही येतात. शेवटचा छोटा क्यू फक्त नावं छापतो, व्हर्शन गाळतो. दोन्ही याद्या दोन फाइलींत घ्या, सॉर्ट करा आणि "कॉम -१३ पहिली दुसरी" ने दुसरीत असलेली पण पहिलीत नसलेली नावं काढा. उरतात ती पॅकेजं अशी: नोंद हाताने मागवल्याची, अनिवार्य कोणालाच नाहीत, ऐच्छिक मात्र कोणाला तरी आहेत. तुम्हाला हवेत ते उमेदवार हेच.

पण ही यादी डोळे मिटून --अ‍ॅजडेप्सला देऊ नका. कृपया नकाच. त्यात बहुधा "लिनक्स" हे नाव असेल, म्हणजे साक्षात कर्नल. "बेस" या पॅकेजला लिनक्स फक्त ऐच्छिक आहे, कारण कंटेनरमध्ये कर्नल लागत नाही. लिनक्स-फर्मवेअर हे पुन्हा लिनक्सला ऐच्छिक आहे. या दोघांना डिपेन्डन्सीची नोंद लावली आणि नंतर कधीतरी दोन टीवाली सफाई चालवली, तर कर्नल आणि फर्मवेअर दोन्ही जातील. चालू सत्रात काहीच जाणवणार नाही, पुढच्या रीबूटला मशीन उठणार नाही. तसं झालंच तर इन्स्टॉलेशनच्या आयएसओवरून बूट करा, रूट आणि बूट ही दोन्ही विभाजनं माउंट करा, आर्च-क्रूटने आत शिरा आणि "पॅकमन -एस लिनक्स लिनक्स-फर्मवेअर" करा.

आधीच कुंपण घालायचं तर पॅकमनच्या कॉन्फिग फाइलमध्ये "होल्डपीकेजी" अशी ओळ असते. मुळात तिच्यात पॅकमन आणि जीलिबसी ही दोन नावं असतात. तिथे लिनक्सचं नाव जोडा. त्या यादीतलं काहीही काढायची वेळ आली की पॅकमन वेगळी परवानगी मागतो.

बाकीच्या नावांसाठी माझी कसोटी साधी आहे: हा प्रोग्राम मी टर्मिनलमध्ये किंवा मेन्यूतून स्वतः चालवतो का? वायटी-डीएलपी हे एमपीव्हीला ऐच्छिक आहे. पण तुम्ही त्याने थेट व्हिडिओ उतरवत असाल तर ते तुम्ही मागवलेलंच आहे, नोंद तशीच राहू द्या. ओपनएसएसएच गिटला ऐच्छिक आहे, पण त्याची नोंद बदलण्यात शहाणपण नाही. टंबलर मात्र कोणी हाताने चालवत नाही, त्याला बिनदिक्कत --अ‍ॅजडेप्स.

---

देब_पाटी

डेबियन-उबुंटूवाल्यांसाठी भर घालतो, कारण तिथे अडचण बरोबर उलटी आहे. पॅकमन काहीच ओढत नाही, एपीटी (तिथलं पॅकेज टाकायचं साधन) जास्त ओढतो.

तिथे ऐच्छिक नात्याच्या पायऱ्या आहेत. "रेकमेंड्स" म्हणजे अगदी अपवादात्मक मांडणी सोडली तर सोबत असायलाच हवं ते. "सजेस्ट्स" म्हणजे असलं तर उपयोगी. "एन्हान्सेस" हे सजेस्ट्सचं उलटं टोक, म्हणजे पूरक पॅकेज स्वतःच सांगतं की मी अमक्याला उपयोगी आहे. २००९ मध्ये आलेल्या डेबियन ५.० लेनीपासून एपीटी रेकमेंड्स मूळ सेटिंगनेच टाकतो, सजेस्ट्स टाकत नाही.

एका वेळेपुरतं थांबवायला --नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स. कायमचं थांबवायला ईटीसीमधल्या एपीटी.कॉन्फ.डी फोल्डरमध्ये एक फाइल आणि तिच्यात एपीटी::इन्स्टॉल-रेकमेंड्स "फॉल्स"; ही ओळ. शेवटचा अर्धविराम विसरू नका.

कंटेनर इमेज लहान ठेवायला हा पर्याय सगळेच लावतात आणि मग पहिला फटका गिटचा बसतो. गिट येतं, पण सीए-सर्टिफिकेट्स हे त्याचं रेकमेंड्स असल्यामुळे येत नाही. एचटीटीपीएसवरून क्लोन करायला गेलं की "सर्व्हर सर्टिफिकेट व्हेरिफिकेशन फेल्ड, सीएफाइल नन" अशी तक्रार. उपाय म्हणून सर्टिफिकेट तपासणीच बंद करणारे दिसतात. ते करू नका, इन्स्टॉलच्या ओळीत सीए-सर्टिफिकेट्सचं नाव जोडा. एसएसएचवरून क्लोन अडलं तर ओपनएसएसएच-क्लायंट जोडा, तेही तसंच सुटलेलं असतं.

वर एक टीची जी समज सांगितली, ती एपीटीच्या ऑटोरिमूव्हमध्ये (अनाथ पॅकेजं काढणाऱ्या कमांडमध्ये) मुळातच आहे. एखादं पॅकेज कोणाच्या रेकमेंड्समध्ये किंवा अगदी सजेस्ट्समध्ये असलं तरी तो ते काढत नाही. "एवढं ऑटोरिमूव्ह केलं तरी हे अजून का आहे?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा तिथेच असतं. "अ‍ॅप्टिट्यूड व्हाय" आणि पॅकेजचं नाव दिलं की धरून ठेवणाऱ्या नात्यांची साखळी दिसते. नोंद बदलायला एपीटी-मार्क ऑटो आणि एपीटी-मार्क मॅन्युअल.

रेकमेंड्स वर्षभर बंद ठेवून पुन्हा चालू केले तर मधल्या काळात सुटलेली पॅकेजं साध्या अपग्रेडने परत येत नाहीत. नव्या व्हर्शनने नव्याने सुचवलेलीच येतात. जुनी हवी असतील तर "एपीटी-गेट इन्स्टॉल --फिक्स-पॉलिसी".

फेडोरात आरपीएम (तिथली पॅकेज-पद्धत) ४.१२ पासून, म्हणजे २०१४ पासून, अशीच रचना आहे. डीएनएफमध्ये (फेडोराच्या पॅकेज टाकायच्या साधनात) तिला वीक डिपेन्डन्सी म्हणतात. बंद करायला डीएनएफच्या कॉन्फिगमध्ये इन्स्टॉल_वीक_डेप्स=फॉल्स. तिथलं "सप्लिमेंट्स" हे एपीटीत नसलेलं आणि खरोखर कामाचं नातं आहे: अ आणि ब दोन्ही मशीनवर असतील तरच क आणा. भाषापॅक असेच येतात. त्यामुळे एखादं पॅकेज कोणीच मागितलेलं दिसत नसेल तर त्या पॅकेजचेच सप्लिमेंट्स "डीएनएफ रेपोक्वेरी --सप्लिमेंट्स" ने तपासा.

---

बांधणीवाला

पॅकेज बांधणाऱ्यांसाठीही थोडं लिहितो, कारण वापरणाऱ्याला होणारा बराचसा त्रास आपल्या बाजूच्या चुकीतून येतो.

ऐच्छिक म्हणजे नसेल तरी मुख्य प्रोग्राम सुरू होतो. हे मनाने ठरवायचं नाही. मुख्य बायनरीवर "रीडएल्फ -डी" (डी छोटा) चालवा. "नीडेड" ओळींमध्ये ती लायब्ररी असेल तर ती ऐच्छिक असूच शकत नाही, कारण तिच्याशिवाय लोडर प्रोग्राम सुरूच करणार नाही, "एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज" म्हणून थांबेल. ऐच्छिक होण्याचे खरे मार्ग तीन: लायब्ररी, प्रोग्राम चालू असताना डीएलओपन या फंक्शनने उघडलेली, वेगळा प्रोग्राम म्हणून हाक मारलेली, किंवा वेगळ्या मॉड्यूल फाइलमध्ये बांधलेली. इमेजमॅजिक तिसऱ्या प्रकारातलं उत्तम उदाहरण आहे. प्रत्येक फॉरमॅटचं मॉड्यूल वेगळं, म्हणून लिबहीफ नसलं तरी बाकी सगळं चालतं आणि एचईआयसी फाइल दिली तरच "नो डीकोड डेलिगेट फॉर धिस इमेज फॉरमॅट" येतं. वापरणाऱ्याला फाइल खराब वाटते, प्रत्यक्षात ऐच्छिक पॅकेज नसतं. हा संदेश दिसला की आधी पॅकमन -क्यूआयमधली ऐच्छिक यादी बघा. टाकलेल्यांपुढे "इन्स्टॉल्ड" असं लिहिलेलं असतं.

मॉड्यूल बांधताना लायब्ररी लागतेच, म्हणून अशी नावं पीकेजीबिल्डमधल्या ऑप्टडिपेन्ड्ससोबत (ऐच्छिक यादी) मेकडिपेन्ड्समध्येही (बांधताना लागणाऱ्यांची यादी) हवीत. आणि बांधणी स्वच्छ क्रूटमध्येच (रोजच्या सिस्टमपासून वेगळ्या, कोऱ्या वातावरणात) करा (डेव्हटूल्समधलं पीकेजीसीटीएल बिल्ड). रोजच्या मशीनवर बांधलं की कॉन्फिगर स्क्रिप्टला तिथे योगायोगाने पडलेली एखादी लायब्ररी सापडते, ती गुपचूप जोडली जाते आणि पॅकेज फक्त तुमच्याकडे चालतं. जेंटू या डिस्ट्रोचे लोक याला "ऑटोमॅजिक" डिपेन्डन्सी म्हणतात. उपाय म्हणजे प्रत्येक सुविधा कॉन्फिगरला स्पष्ट सांगून चालू किंवा बंद करणं.

ऑप्टडिपेन्ड्समधल्या ओळीचा साचा: पॅकेजचं नाव, कोलन (:), मग मोकळी जागा, मग कारण. ती मोकळी जागा गाळू नका. पॅकमन कोलन आणि जागा या जोडीवरच नाव तोडतो, कारण व्हर्शनच्या इपॉकमध्येही (व्हर्शनच्या आधी लागणाऱ्या आकड्यातही) कोलन येतं. आणि कारणात पॅकेज काय आहे ते लिहू नका, तुमच्या प्रोग्राममध्ये त्याने काय सुरू होतं ते लिहा. "व्हिडिओ लायब्ररी" वाचून कोणालाच काही ठरवता येत नाही, "व्हिडिओंचे थंबनेल" वाचून येतं.

डीएलओपनची एक अडचण अशी की एलडीडी किंवा रीडएल्फमध्ये ते नातं दिसतच नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशन साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये मागचं दार (बॅकडोअर) सापडलं तेव्हा हा विषय ऐरणीवर आला. काही डिस्ट्रोंनी ओपनएसएसएच सिस्टमडीच्या लायब्ररीशी जोडलं होतं आणि तिच्यामागून एक्सझेडची लायब्ररी लिबएलझेडएमए थेट एसएसएचडीच्या (ओपनएसएसएचच्या सर्व्हरच्या) प्रक्रियेत शिरत होती. सिस्टमडी अशा लायब्ररी डीएलओपनकडे वळवतच होता. त्याच वर्षीच्या २५६ व्या आवृत्तीपासून तो बायनरीतच .नोट.डीएलओपन या विभागात अशा लायब्ररींची नावं लिहून ठेवतो, म्हणजे पॅकेज बांधणाऱ्या साधनांना ती वाचता येतात. इतर प्रकल्पांनीही हे उचलावं असं मनापासून वाटतं.

---

काळी_खिडकी

मेटापॅकेजची पद्धत घेतो आणि होल्डपीकेजीची ओळही. एकच राहिलं: ऐच्छिक पॅकेज टाकलेलं आहे, -क्यूआयमध्ये "इन्स्टॉल्ड" दिसतं, तरी अपग्रेडनंतर सुविधा बंद. हे कशामुळे?

---

बांधणीवाला

बहुधा ते पॅकेज किंवा ते वापरणारं मॉड्यूल एयूआरमधलं (वापरकर्त्यांनी दिलेल्या पीकेजीबिल्डच्या साठ्यातलं) असेल आणि जुन्या लायब्ररीवर बांधलेलं. मॉड्यूल लोड होत नाही, प्रोग्राम मुकाट्याने पुढे जातो. त्या प्रोग्रामच्या लिब फोल्डरमधल्या सगळ्या .एसओ फाइलींवर एलडीडी चालवा आणि "नॉट फाउंड" शोधा. रीबिल्ड-डिटेक्टर टाकलं तर "चेकरीबिल्ड" हीच तपासणी सगळ्या बाहेरच्या पॅकेजांवर करतं. पायथनचं मॉड्यूल असेल तर ३.१२ वरून ३.१३ सारख्या उडीनंतर साइट-पॅकेजेसचं फोल्डरच बदलतं, म्हणजे जुनं मॉड्यूल डिस्कवर असूनही नव्या पायथनला दिसत नाही. "पॅकमन -क्यूओ" ला जुन्या फोल्डरचा पत्ता द्या, तिथे कोणकोणती पॅकेजं अडकली आहेत ते कळेल. तेवढीच परत बांधा.